हलकी गाडी, मागची चाकं, उघडं छत: माझदा एमएक्स-५ चे अनुभव

न्यू जर्सी (धागा काढणारा)

"मामा, दोनच सीट, डिकीत धड दोन बॅगा मावत नाहीत, ताकद आईच्या एसयूव्हीपेक्षा कमी. मग लोक हिच्यासाठी एवढे वेडे का?" पुण्याहून शिकायला आलेल्या भाच्याने मागच्या आठवड्यात विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर लिहितो, तुमचं तुम्ही लिहा. हीच गाडी हवी असं नाही, हिच्या जातीची, म्हणजे हलकी आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी, कुठलीही चालेल. विकली असेल तर का विकली, तेही सांगा.

माझी १९९० ची, पहिल्या पिढीची, म्हणजे एनए. अमेरिकेत हिला मिआटा म्हणतात, जपानात ती युनॉस रोडस्टर म्हणून विकली गेली. हलक्या, उघड्या ब्रिटिश गाड्या बंद पडत चालल्या होत्या, तेव्हा बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटोंना सुचवलं की तुम्ही तशी एक बनवा. ती १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत १३,८०० डॉलर.

माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमध्ये हात भरून येतात, पण रस्त्यावर पुढच्या टायरखाली काय चाललंय ते तळहाताला कळतं. डेलावेअर नदीच्या कडेने हॉक्स नेस्टची वळणं आहेत. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताणलं तरी वेग बेताचाच राहतो. आहे तेवढी सगळी ताकद वापरता येते, हेच मला सर्वांत आवडतं. शेजाऱ्याच्या चारशे अश्वशक्तीच्या गाडीत हा आनंद मिळत नाही, कारण तिथे दुसऱ्या गिअरमध्येच पाय मागे घ्यावा लागतो.

जुनी एनए घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मागची काच प्लास्टिकची असेल तर छत पाडण्याआधी तिची चेन उघडा. थंडीत ते प्लास्टिक कडक होतं आणि घडीवर तडकतं. आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला पट्टा, ६०,००० मैलांवर बदलाच. त्याच वेळी वॉटर पंपही बदलून टाका, उघडलेलंच असतं सगळं.

लेस्टर, इंग्लंड

माझी दुसऱ्या पिढीची, एनबी, २००३ ची. सहा वर्षांपूर्वी घेतली, वापरलेल्या चांगल्या स्कूटरच्या भावात. इंजिन ठणठणीत, गिअर बदलताना मनगट हलवलं की काम झालं. मी फक्त गंजाबद्दल लिहिणार आहे, कारण इथे या गाड्या गंजाने मरतात.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. छतावरून आलेलं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली उतरून बाहेर पडायला हवं. पण त्या नळ्या पानांनी, मातीने तुंबतात आणि पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, सिलमध्ये, साचून राहतं. गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगावर फुगवटा दिसतो तोवर आतलं लोखंड गेलेलं असतं. माझ्या आधीच्या मालकाने नळ्या कधी साफ केल्या नव्हत्या. मी गाडी बघायला गेले तेव्हा पाऊस नव्हता, रंग चकचकीत होता, आणि मी खाली वाकून पाहिलंच नाही. पहिल्याच वार्षिक तपासणीत दोन्ही सिल नापास. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त आला.

मी तो केला आणि पुन्हा करेन. पण तुम्ही घेताना गाडी लिफ्टवर चढवून बघा. पुढच्या चॅसी रेल, म्हणजे सांगाड्याच्या लांब पट्ट्या, त्यासुद्धा बघा, तिथला गंज जास्त घातक. नळ्या वर्षातून दोनदा साफ करायच्या, त्यासाठी लवचीक वायर पुरते.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्नेक पास या डोंगरातल्या रस्त्यावरून मी छत उघडून शेफील्डहून मँचेस्टरकडे गेले. वरती धुकं होतं, हीटर पायाशी, मेंढरांचा आवाज दोन्ही बाजूंनी. बंद गाडीत तो रस्ता मी वीस वेळा पार केला असेन, मेंढरं कधी ऐकू आली नव्हती.

योकोहामा

इथे चौथ्या पिढीची, एनडी, १.५ लिटर इंजिनात मिळते. सगळ्यात साधं मॉडेल आलं तेव्हा ९९० किलोचं होतं. २०१५ साली, एअरबॅगा आणि सुरक्षेचे सगळे नियम सांभाळून, पुन्हा हजाराच्या आत! मी यंत्र अभियंता आहे. वजन वाढवणं किती सोपं आणि उतरवणं किती कठीण हे रोज पाहतो, म्हणून या आकड्याचं मला फार अप्रूप आहे.

पहिल्या गाडीचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी सांगितलेलं सूत्र जपानीत 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. हे नुसतं घोषवाक्य नाही. खाली वाकून बघा: गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) अॅल्युमिनियमची एक लांब चौकट बसवलेली आहे. त्यामुळे अॅक्सिलरेटर दाबल्यावर ते दोन भाग वेगवेगळे हेलकावत नाहीत, ढकल सरळ मागच्या चाकांना पोचते. पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात, म्हणून स्टिअरिंगला इंजिनाची ओढ जाणवत नाही.

माझे टायर १९५ मिलिमीटर रुंदीचे. लोक म्हणतात रुंद घाल. नको. हाकोनेच्या घाटात पहाटे ही गाडी थोडी झुकते, मग टेकते, मग वळते. ते झुकणंच सांगतं की अजून किती पकड शिल्लक आहे.

मेलबर्न

थोडं वेगळं मत. मी एमएक्स-५ चालवून पाहिली आणि टोयोटा ८६ घेतली, २०१३ ची. कारण एकच: मागे दोन सीट आहेत, लहान का होईना. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत तिची शाळा याच गाडीतून झाली. नाहीतर बायकोने ही गाडी घरात येऊच दिली नसती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवलेली, सपाट बसणारं बॉक्सर इंजिन, साधारण १,२४० किलो. वर योकोहामावाल्यांनी लिहिलंय त्यापेक्षा अडीचशे किलो जड, मान्य. पण बैठक इतकी खाली आहे की वजन जाणवत नाही. मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपास इंजिन थोडं दम टाकतं, हे सगळ्याच मालकांना माहीत आहे. मी ते टाळायला एक गिअर खाली ठेवतो.

छत उघडत नाही याची खंत मात्र आहे. लेस्टरच्या ताईंचं मेंढरांचं वाचून जास्तच झाली.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

माझी उंची पाच फूट एक इंच. पहिल्यांदा एखाद्या गाडीत बसले आणि सीट पुढे ओढून उशी घ्यावी लागली नाही. नवरा सहा फूट दोन, त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. म्हणून गाडी पूर्णपणे माझी.

मी ऑटोक्रॉस करते. मोकळ्या पटांगणात कोन मांडून आखलेला मार्ग, एका वेळी एक गाडी, मिनिटभराची धाव, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. दुसऱ्याच स्पर्धेत मी वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडला. वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडी जागच्या जागी गर्रकन फिरून तोंड मागे झालं. प्रशिक्षक म्हणाले, "पुन्हा तसंच कर, आता मुद्दाम." दिवसभर तेवढंच केलं. संध्याकाळी मागची बाजू सुटतेय हे मला कमरेत कळायला लागलं, डोळ्यांना दिसण्याआधी.

पावसाळी संध्याकाळी हायवेच्या एका रॅम्पवर तेच झालं, आणि हात आपोआप योग्य बाजूला वळले. नव्या मागच्या-चाकांच्या गाडीवाल्यांनो, एक दिवस पटांगणात नक्की घालवा. रस्त्यावर हे शिकायचं नसतं.

पुणे

ही गाडी माझ्याकडे कधी नव्हती, कंपनीने ती भारतात आणलीच नाही. पण मागच्या चाकांची गाडी आमच्या वडिलांकडे होती, प्रीमियर पद्मिनी. आम्ही तिला फियाटच म्हणायचो. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. वरंध घाटात ओल्या रस्त्यावर बाबा सांगायचे, "वळणात पाय सोडायचा नाही, वळणाआधी सोडायचा." वर सॅन होजेच्या ताईंचं वाचलं आणि बाबांचा आवाज ऐकू आला.

स्टुटगार्ट

माझी २००६ ची, तिसऱ्या पिढीची. जुळी झाली तेव्हा विकली. घेणारा मुलगा बावीस वर्षांचा होता. त्याला किल्ली देताना छताच्या नळ्या कशा साफ करायच्या ते दाखवलं आणि ती लवचीक वायरही दिली. परवा त्याने फोटो पाठवला, आल्प्समधल्या कुठल्या तरी खिंडीत, छत उघडं, कडेला बर्फ.

न्यू जर्सी (धागा काढणारा)

सगळ्यांचं भाच्याला वाचून दाखवलं. त्याला मॅन्युअल गिअर येत नाही. शनिवारपासून सकाळी सात वाजता, शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, आधी फक्त क्लच. आणखी कुणाचे अनुभव असतील तर लिहीत राहा, विशेषतः एनएच्या क्लचची झीज किती मैलांनी होते ते. माझा आता कामाला लागणार आहे.