मदत हवी आहे: क्लासिक रॉकचे सर्वांत भारी दहा अल्बम कोणते? शनिवारच्या आत सांगा

सई_ठाणे:
नमस्कार मंडळी. क्लासिक रॉकमधले सर्वांत भारी दहा अल्बम कोणते, एवढंच हवंय. नेटवर शोधलं तर प्रत्येक यादी वेगळी आणि प्रत्येक यादीखाली हाणामारी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, माझी धाव बाबूजी आणि आशाताईंपर्यंत. शनिवारी टेम्पो येतोय, त्याआधी ठरायला हवं. दहाच हवेत, बारा-पंधरा नकोत. कृपया वाद घालू नका, नुसती नावं द्या.

फ्लॉइडभक्त:
सोपं आहे. पाच पिंक फ्लॉइडचे: डार्क साइड ऑफ द मून (१९७३), विश यू वेअर हिअर (१९७५), अ‍ॅनिमल्स (१९७७), द वॉल (१९७९), मेडल (१९७१). उरलेले पाच कुठलेही घ्या, फरक पडत नाही. डार्क साइड अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टॉरी एकही शब्द न उच्चारता जे गायली आहे ते बाबूजी ऐकणाऱ्यांनाही कळेल.

खडूस काका:
टेम्पोचा आणि अल्बमचा संबंध काय? विकत घ्यायचेत, ऐकायचेत, की टेम्पोत लावायचेत? कॅसेट, सीडी, एलपी, की फोनवर? कोणासाठी? धागा काढताना निम्मी माहिती स्वतःकडे ठेवायची आणि वर घाईही करायची.

तिसरी घंटा:
याद्यांच्या नादी लागू नका. रोलिंग स्टोन मासिकाने २००३ साली पाचशे अल्बमची यादी काढली, तेव्हा पहिला नंबर बीटल्सच्या सार्जंट पेपरचा. त्याच मासिकाने २०२० मध्ये नवे परीक्षक घेऊन यादी केली, तर पहिला मार्विन गे, जो मुळात रॉकच नाही. रेकॉर्ड त्याच, फक्त खुर्चीतली माणसं बदलली.
माझं विचाराल तर सार्जंट पेपरपेक्षा रिव्हॉल्व्हर (१९६६). शेवटचं 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐका. खाली जवळजवळ एकच सूर धरलेला, तानपुऱ्यासारखा, आणि वर टेपचे तुकडे उलटसुलट फिरतायत. त्या आधी रॉकमध्ये असलं काही ऐकलं नव्हतं.

कोथरूडचा बोका:
ब्रदर्स इन आर्म्स. डायर स्ट्रेट्स. १९८५. पुढचे नऊ नंतर बघू.

तिसरी घंटा:
@बोका, १९८५ म्हणजे क्लासिक रॉक? उद्या बॉन जोव्ही आणाल.

कोथरूडचा बोका:
चांगलं ते क्लासिक. तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ढोल एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात. ब्रदर्स इन आर्म्स पूर्ण डिजिटल रेकॉर्डिंग, सीडीवर लाखोंनी खपला. कुठल्याही दुकानात स्पीकर दाखवताना काय लावतात ते आठवा.

तिसरी घंटा:
स्पीकर विकायला लावतात म्हणून अल्बम श्रेष्ठ? आणि रिव्हॉल्व्हर मोनोमध्ये (दोन्ही कानांत एकच आवाज) ऐका, मग बोला.

सई_ठाणे:
अहो थांबा. विकत घ्यायचे नाहीयेत. एलपी आहेत. माझे मामा बोटीवर होते, सत्तरच्या दशकात परदेशातून आणलेल्या. आता ते ठाण्याचं घर सोडून डोंबिवलीला लहान घरात चाललेत. दोन लोखंडी पेट्या भरून रेकॉर्ड आहेत आणि मामींनी सांगितलंय की नव्या घरात दहा येतील, बाकीच्यांचं काय ते बघा. मामा म्हणाले, "सई, तूच निवड, माझ्याच्याने व्हायचं नाही." म्हणून मी.

खडूस काका:
म्हणजे जगातले सर्वोत्तम दहा नकोच आहेत. पेटीतले दहा हवेत. हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर? पेटीत काय काय आहे ते सांगा.

मीराताई:
ठाणे ते डोंबिवली म्हणालात, टेम्पोवाला कोण आहे? आमचंही कपाट हलवायचंय त्याच बाजूला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

सई_ठाणे:
@खडूस काका, नावंच तर माहीत नाहीत. पेट्या मामांकडे आहेत, मी फक्त कव्हरांचे फोटो काढून आणलेत. ओल लागून कडेची अक्षरं गेली आहेत आणि पुढे बऱ्याच ठिकाणी नावच नाही. बघा ओळखता येतात का.
एक: चौघे झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेत, एक अनवाणी. हे मलाही माहितीये, बीटल्स.
दोन: नुसती गाय. मागे वळून बघतेय. नाव नाही, गाव नाही.
तीन: रंग उडालेल्या भिंतीवर चित्र टांगलंय, त्यात वाकलेला म्हातारा, पाठीवर काटक्यांची मोळी.
चार: लाल-गुलाबी तोंड, किंचाळतंय. मामेभाऊ लहानपणी याला घाबरून दुसऱ्या खोलीत झोपायचा.
पाच: जीन्सच्या पँटचा पुढचा भाग, त्याला खरीखुरी चेन. (माझ्याकडे बघू नका.)
सहा: दोन माणसं हात मिळवतायत, त्यातला एक पेटलाय.
सात: सिमेंटच्या ठोकळ्यापाशी चौघे, पँटी सावरत. जे वाटतंय तेच आहे का?
आठ: केळं.

फ्लॉइडभक्त:
मामांना दंडवत! गाय म्हणजे अ‍ॅटम हार्ट मदर (१९७०). मुद्दामच नाव टाकलं नव्हतं. सहा म्हणजे विश यू वेअर हिअर. तो माणूस खरोखर पेटवला होता, स्टंटमन होता. दोन्ही ठेवा.

तिसरी घंटा:
गाय कशाला ठेवायची? खुद्द बँडमधल्या वॉटर्स आणि गिलमूर या दोघांनी नंतर त्या अल्बमला नावं ठेवलीत. ज्यांचं बाळ त्यांनाच नको, तुम्ही कशाला मांडीवर घेता?
तीन: लेड झेपेलिनचा चौथा (१९७१). याला नावच नाही, म्हणून सगळे 'फोर' म्हणतात. कोण तो म्हातारा हे ५० वर्षं कुणाला माहीत नव्हतं. २०२३ साली मूळ फोटो सापडला. इंग्लंडातल्या विल्टशरमधला छप्पर शाकारणारा माणूस, फोटो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. त्यातलं 'स्टेअरवे टू हेवन' सगळ्यांना पाठ असतं, पण त्या अल्बमचा खरा कळस म्हणजे शेवटचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. ढोल एका जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये ठेवले आणि माइक वर जिन्यावरून सोडले. तो घुमारा स्टुडिओत येत नाही.
चार: किंग क्रिमझन, इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग (१९६९). ठेवाच. मामेभावाला सांगा, आम्ही मोठेपणी घाबरतो.

पार्ले_पॉइंट:
झेपेलिनचा विषय निघालाय म्हणून. १९७२ मध्ये त्यांचे पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा रेकॉर्ड केलं. 'फोर स्टिक्स' याच मोळीवाल्या अल्बममधलं. मुंबईचं ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये ते दोघे वाजवून गेले होते. तेव्हा तिथे हजर होतो असं सांगणारे इतके भेटतात, की तेवढी माणसं मावायला ब्रेबॉर्न लागलं असतं.

नगरी:
सात नंबर: हूज नेक्स्ट (१९७१), बँड द हू. जे वाटतंय तेच आहे. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे पहिलं गाणं 'बाबा ओ'रायली'. त्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा! जन्म पुण्याचा, समाधी आमच्या नगरजवळ अरणगावला, मेहेराबादेत. पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. आडनाव टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचं. दोन गुरू एका नावात. दौंड रस्त्याने कधी गेलात तर समाधी बघा, टेकडीवर आहे, शांत जागा.

कोथरूडचा बोका:
ते गाणं 'टीनएज वेस्टलँड' ना?

नगरी:
नाही.

पार्ले_पॉइंट:
गुरुबंधू सापडलेत तर क्वीन बँडही आठवा. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला बोर्डिंगात होता, पहिला बँड तिथलाच. अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा (१९७५) असेल तर माझं एक मत.

खडूस काका:
आता महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही येऊ द्या. धागा कुठे चाललाय?

टोनआर्म:
एवढी चर्चा झाली, पण रेकॉर्डची अवस्था कुणी विचारली नाही. कव्हरला ओल म्हणजे आत बुरशी असणार. खाचा पांढऱ्या पडल्यात का? आणि वाजवणार कशावर?
पाच नंबर: रोलिंग स्टोन्स, स्टिकी फिंगर्स (१९७१). चेन पूर्ण वर ओढलेली असेल तर तिचा गठ्ठा शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुततो. दुकानांत पोचेपर्यंत माल खराब व्हायला लागला, तेव्हा चेन अर्ध्यावर उघडून पाठवायला लागले, म्हणजे दाब मधल्या कागदी लेबलवर यावा. तुम्हीही आजच चेन खाली करून ठेवा.
आठ: व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको (१९६७). केळं स्टिकरचं आहे का, सोलता येतं का, ते बघा. येत असेल तर सोलू नका.

सई_ठाणे:
प्लेअर आहे, पण आतला बेल्ट वितळून डांबरासारखा झालाय. मी मामांना ते नवीन सुटकेससारखे मिळतात ना, छान रंगाचे, त्यातला देणार आहे. केळं अर्धं सोललेलं आहे. बुरशी आहे थोडी.

टोनआर्म:
नका हो घेऊ सुटकेस! त्यांतल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) असतं, सुईचा भार पाच ग्रॅमच्या घरात. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. पन्नास वर्षं सांभाळलेल्या खाचांवरून नांगर कशाला फिरवता? जुन्यालाच नवा बेल्ट आणि नवी सुई घाला. प्लेअर कुठला आहे, मॉडेल नंबर काय?

कोथरूडचा बोका:
बुरशीवर रामबाण उपाय: सुतारकामाचा पांढरा गोंद. रेकॉर्डवर पातळ थर पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा, सकाळी सालीसारखा ओढून काढायचा. घाण सगळी गोंदाबरोबर येते.

टोनआर्म:
आणि थर पातळ पडला तर तुकडे खाचांत राहतात, ते आयुष्यभर निघत नाहीत. नवख्याला असलं काही सांगू नका. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल भिजू देऊ नका. बस.

कोथरूडचा बोका:
मी केलंय आणि उत्तम झालंय.

टोनआर्म:
ब्रदर्स इन आर्म्सवर केलं असेल.

मीराताई:
आमच्याकडे नाट्यगीतांच्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) रेकॉर्ड आहेत, त्यांनाही हा गोंद चालेल का?

टोनआर्म:
नाही! आणि स्पिरिटही लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.

डर्बीकर:
इंग्लंडातून लिहितोय. सत्तरच्या दशकात परदेशी बंदरांत घेतलेल्या असतील तर ब्रिटिश प्रती असू शकतात. डार्क साइड आहे का पेटीत? असेल तर लेबल बघा. प्रिझमचा त्रिकोण आतून निळा भरलेला असेल तर ती अगदी सुरुवातीची प्रत. रद्दीवाल्याला वजनावर देऊ नका, एवढीच विनंती.

खडूस काका:
सई, एक साधा प्रश्न. मामा स्वतः कुठल्या ऐकायचे?

सई_ठाणे:
विचारलं. म्हणतात, "सगळ्याच." मामी म्हणतात, "कुठल्याच नाही, नुसत्या पुसायचे."

टोनआर्म:
मामांना विचारू नका, रेकॉर्डना विचारा. लेबलवर मधल्या भोकाभोवती बघा. रेकॉर्ड लावताना खुंटी शोधताना कागदावर केसासारखे बारीक ओरखडे उमटतात. जितक्या वेळा लावली तितके ओरखडे. उजेडात तिरकी धरा, दिसतील.

सई_ठाणे:
आज जाऊन पाहिलं, सगळं लेबल बघून लिहून आणलंय. मामा शेजारी बसून "जपून, जपून" करत होते.
सर्वांत जास्त ओरखडे: बोनी एम., नाइटफ्लाइट टू व्हीनस. लेबल भोकाभोवती पांढरं झालंय.
मामा म्हणाले, "ती माझी नाही." मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझी आहे."
त्यानंतर डीप पर्पल, मशीन हेड. मग मोळीवाला आणि हूज नेक्स्ट. डार्क साइड आहे, त्रिकोण भरलेला निळा आहे, आणि ओरखडा जवळजवळ नाहीच.

फ्लॉइडभक्त:
नाहीच???

डर्बीकर:
न वाजवलेली, भरलेल्या त्रिकोणाची? पोस्टर आणि स्टिकर आहेत का आत? ती रेकॉर्ड टेम्पोत ठेवू नका, मांडीवर घेऊन जा.

तिसरी घंटा:
मशीन हेड (१९७२), अहाहा. स्वित्झर्लंडला मोंत्रोच्या कॅसिनोत रेकॉर्ड करायचं ठरलं होतं, तर ४ डिसेंबर १९७१ ला फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराच्या कार्यक्रमात कुणीतरी पेटता फ्लेअर उडवला आणि कॅसिनो जळून गेला. मग थंडीत बंद पडलेलं ग्रँड हॉटेल भाड्याने घेतलं, कॉरिडॉरमध्ये गाद्या लावल्या, बाहेर स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी. तळ्यावर पसरलेला धूर पाहून जे 'स्मोक ऑन द वॉटर' गाणं झालं ते गिटार हातात धरणारा प्रत्येक पोरगा पहिलं शिकतो. मामांचा कान चांगला आहे. मामींबद्दल बोलत नाही.

पार्ले_पॉइंट:
मामींबद्दल मी बोलतो. 'रासपुतीन' लागल्यावर बसून राहिलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

खडूस काका:
बोनी एम. क्लासिक रॉक नाही. धाग्याच्या शीर्षकात बसत नाही.

सई_ठाणे:
ठरलं. बोनी एम., मशीन हेड, मोळीवाला, हूज नेक्स्ट, चेनवाली (चेन खाली केली), किंचाळणारा, झेब्रा क्रॉसिंग, पेटलेला माणूस, डार्क साइड. दहावी रिव्हॉल्व्हर, कारण तिसरी घंटा यांचं ऐकून ती लावायला म्हणून शेजाऱ्यांचा प्लेअर मागितला आणि शेवटच्या गाण्याला मामा ताल धरून बसले. सुटकेस प्लेअर रद्द. @टोनआर्म, मॉडेल नंबर व्यनि करते.

टोनआर्म:
उत्तम. नेताना उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, खालच्या वाकतात. उन्हात टेम्पो उभा करू नका.

फ्लॉइडभक्त:
अ‍ॅनिमल्स नव्हती का पेटीत? असेल आणि कुणाला देणार असाल तर मी उद्या सकाळी ठाण्यात येतो.

सई_ठाणे:
आहे. या. पिशवी मोठी आणा, गायही न्यायची आहे.