विषय: एका फार्मसिस्टच्या हाताखाली किती टेक्निशियन?

सगळ्यांना नमस्कार, मी डेट्रॉइटहून लिहितेय, माहेर इंदूरचं, रामबागेतलं. आमच्या फार्मसीत मागच्या महिन्यात एक फार्मसिस्ट कमी केला नि दोन टेक्निशियन, म्हणजे औषधं काढून-भरून देणारे मदतनीस, घेतले, आता दुपारभर मी एकटी आणि हाताखाली पाच जण. मिशिगनमध्ये एकामागे किती याला आकडाच नाही, इथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, कॅलिफोर्नियात कित्येक वर्षं दुकानातल्या पहिल्या फार्मसिस्टमागे एकच टेक्निशियन चालायचा आणि पुढच्या प्रत्येकामागे दोन. मॅनेजर म्हणतो माणसं वाढली, तुझं काम हलकं झालं. मला ते पटत नाही पण त्याला नीट सांगताही येत नाहीये. मेडिकलवाले काका, तुमच्याकडे कसं असतं?

---

अगं बाळा, आपल्याकडेपण आकडा नाही, कारण टेक्निशियन असा वेगळा माणूसच कायद्यात धरलेला नाही. १९४८चा फार्मसी अ‍ॅक्ट आणि १९४५च्या ड्रग्ज रूल्सचा ६५वा नियम, दोन्हींचा रोख एकच, चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मसिस्टने द्यायचं नाहीतर त्याच्या देखरेखीत दिलं गेलं पाहिजे. मग काउंटरवर मुलं दोन ठेवा की दहा. आणि कितीतरी दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर नि माणूस भलतीकडेच नोकरीला, हे मी तीस वर्षं बघत आलोय.

माझ्याच दुकानातली गोष्ट सांगतो. संध्याकाळची गर्दी, मुलाने शुगरच्या आजीबाईंना मेटफॉर्मिनच्या जागी जंतुसंसर्गावरच्या मेट्रोनिडाझोलची स्ट्रिप काढून दिली, दोन्ही 'मेट'वाली म्हणून एकाच खणात ठेवलेली. मी तिथेच उभा होतो म्हणून पिशवी बांधायच्या आधी नजर गेली. त्या रात्रीच खण वेगळे केले, पण मी त्या वेळी फोनवर असतो तर?

मॅनेजरला हिशोब करून दाखव. पाच जणांनी तासाला वीस-वीस ऑर्डरी काढल्या तर शंभर तुझ्या टेबलावर येणार, म्हणजे एकेकीला ३६ सेकंद, त्यातच डॉक्टरांचे फोन, लस टोचणं, पेशंटला समजावणं. हात वाढले, तपासणारे डोळे तुझेच दोन.

आणि तुमच्या शेजारच्या ओहायोतली एमिली जेरी आठव. २००६, दोन वर्षांची पोर, केमोच्या पिशवीत मिठाचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी पाहिजे तिथे २३.४ टक्के पडलं, पोर गेली. पिशवी टेक्निशियनने बनवली, तपासून पास फार्मसिस्टने केली. त्याचं लायसन्स गेलं आणि तो जेलमध्ये गेला. टेक्निशियनला परीक्षा तेव्हा सक्तीची नव्हती, २००९च्या एमिलीज लॉने ती केली. म्हणून मला वाटतं आकड्यापेक्षा एक गोष्ट आधी पाहिजे, ज्याची सही त्याला 'आता थांबा, नवीन घेऊ नका' म्हणता आलं पाहिजे, तेही लेखी.

---

काका, माफ करा पण मला हे पटलं नाही. मी इथे इंदूरलाच वॉर्डात नर्स आहे, 'थांबा' म्हणायचा हक्क कागदावर कितीही दिला तरी नवी मुलगी तोंड उघडत नाही, सुपरवायझर नाराज होईल, ड्यूटी बदलतील, हीच भीती. आमच्याकडे पोटॅशियम क्लोराइडचे, म्हणजे चुकून थेट टोचलं तर जीव घेणाऱ्या औषधाचे, अँप्युल वेगळ्या कपाटात ठेवतात आणि भरताना दोघींनी बघायचं असा नियमच आहे, म्हणून तिथे कुणाला हिंमत गोळा करावी लागत नाही. तसाच आकडा पाहिजे. एकामागे तीन म्हटलं की चौथीच्या वेळी मॅनेजरलाच माणूस शोधायला लागेल. ताई, तुझ्या पाचांतल्या किती जणींनी सर्टिफिकेशनची परीक्षा दिलीय?

---

दोघींनीच दिलीय गं, बाकीच्या तिघी अजून शिकतायत, आणि त्यांचंच मला दोनदा तपासावं लागतं. काकांच्या हिशोबात हे धरलंच नव्हतं, म्हणजे ३६ सेकंदसुद्धा मिळत नाहीत. काका, शुक्रवारी मीटिंग आहे, आजपासून दर तासाला किती तपासले ते वहीत लिहितेय, ती वहीच समोर ठेवते.