कंपनी सोडून शाळेत शिकवायला गेलेल्यांनो, आपले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात दोन सारखे टॉर्चचे बल्ब, दोन सेल आणि वायरचे तुकडे घेऊन बसलो होतो. बल्ब एकापुढे एक जोडले आणि बटण दाबायच्या आधी विचारलं, कुठला जास्त उजेड देईल? एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, पहिला. त्याच्यात वीज खर्च होते, दुसऱ्याला उरलेली मिळते." अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. बटण दाबलं. दोन्ही बल्ब सारखेच मंद. तो मुलगा उठला, सेल उलटे करून जोडले, म्हणजे आता दुसरा बल्ब पहिला झाला. तरी तेच. मग म्हणाला, "एक बल्ब जुना असेल," आणि त्याने बल्बांची अदलाबदल करून पाहिली.

तेरा वर्षं मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधले दोष शोधत होतो. आमची रीत हीच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याला ती कोणी शिकवली नव्हती. जागेवर बसता बसता त्याने विचारलं, "वीज खर्च होत नाही, तर मग सेल का संपतो, सर?" त्याला उत्तर द्यायला मला पुढचा अख्खा तास लागला.

मी बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स. हिंजवडीतली नोकरी ३८व्या वर्षी सोडली, दोन वर्षं बी.एड. केलं, आता चिंचवडच्या एका विनाअनुदानित सेमी-इंग्रजी शाळेत तिसरं वर्ष. पगार आधीच्या सहाव्या हिश्शाहून कमी. हे आधीच सांगतो, कारण घरात पहिला प्रश्न हाच येतो आणि तो रास्त आहे. बायकोची नोकरी होती, घराचं कर्ज फिटलं होतं, म्हणून जमलं. माझ्यापुरतं कळलं ते एवढंच : चुकलेल्या उत्तरामागे मुलाने काय विचार केला हे ऐकता येणं, हे या कामाचं निम्मं अंग आहे, आणि ते इंजिनिअरिंगमध्ये कुणी शिकवत नाही.

तुमचं काय झालं? पैसे, घरचे, पहिलं वर्ष, सगळं लिहा. ज्यांनी प्रयत्न करून सोडलं त्यांनी तर नक्की लिहा.

ठाणे. आधी औषध कंपनीत क्यू.सी., आता नववी-दहावी

दादा, धाग्याबद्दल आभार. एम.एस्सी. केमिस्ट्री करून नऊ वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. दिवसभर औषधातले घटक मोजणारं एच.पी.एल.सी. मशीन, नोंदी, सह्या. मुलगी झाल्यावर शिफ्ट झेपेना म्हणून सोडलं हे खरं. शिकवण्याची ओढ नंतर लागली, आधी नव्हती, हेही तितकंच खरं.

शाळेत रुजू झाले तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सापडायला चार दिवस लागले. आत लिटमस होता, पण ओल धरलेला. म्हणून मुलांना घरून गोकर्णाची निळी फुलं आणायला सांगितली. गरम पाण्यात चुरगळली की निळा रस निघतो, लिंबू पिळलं की जांभळट-लाल, धुण्याचा सोडा टाकला की हिरवा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला न विचारता त्यात आपल्या बाटलीतलं ताक ओतलं, मग साबणाचं पाणी, मग शाळेच्या नळाचं. वहीत तिने स्वतःच तक्ता आखला. कंपनीत मी असे हजारो तक्ते भरले, पण भरताना तिच्यासारखा चेहरा माझा कधी झाला असेल असं वाटत नाही.

मेळघाट. जिल्हा परिषद शाळा, सहावी ते आठवी

मी बी.ई. झाल्यावर नाशिकला एका कारखान्यात पी.एल.सी. (यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅमिंग करत होतो. पाच वर्षं. घरी शेती, वडील शिक्षक. नोकरी सोडून बी.एड., मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर वाट पाहणं. हा वाट पाहण्याचा काळ माणसाला आतून पोखरतो. कुणी विचार करत असेल तर हातात दोन वर्षांचा खर्च ठेवूनच उतरा. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० झालं, त्याआधी प्राथमिकला ६,००० होतं. त्या सहा हजारांत ज्यांनी संसार चालवले त्यांना माझा नमस्कार आहे.

इथली पोरं घरात कोरकू बोलतात. पहिले दोन महिने मी "बाष्पीभवन" फळ्यावर लिहीत होतो आणि वर्ग गप्प. मला वाटलं, विषय अवघड जातोय. एके दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी मला पाण्याला "डा" म्हणायला शिकवलं, आणि माझा उच्चार ऐकून सगळी हसली. दुसऱ्या दिवशी त्याच शब्दाने सुरुवात केली. ओली फडकी उन्हात, सावलीत आणि घडी घालून अशी तीन ठिकाणी वाळत टाकली. कोणतं आधी वाळेल यावर पोरं दोन भाषांत भांडली. त्या दिवसापासून माझा वर्ग बोलू लागला.

पुणे. प्रयत्न केला, परत गेले

मीही लिहिते, कारण असं लिहिणारे कमी असतात. आयटीत टेस्टिंगला ११ वर्षं, मग एका खासगी शाळेत एक वर्ष. शाळेचं नाव नको. पाचवीचा वर्ग, ५८ मुलं. कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आहे, हे मी बी.एड.च्या परीक्षेत लिहून आले होते. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा, रात्री पालकांचे मेसेज. माझ्या स्वतःच्या मुलाचा अभ्यास घेणं बंद झालं. दोन महिने पगार उशिरा आला आणि घराचा हप्ता चुकला, तेव्हा नवऱ्याने काही म्हटलं नाही, पण मला झोप लागेना. एप्रिलपर्यंत शिकवून सोडलं.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. एक मुलगा ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं म्हणायचा, कारण पंचवीस तीनपेक्षा मोठे. मी दरवेळी "चूक" एवढंच म्हणून पुढे जायचे, वेळच नसायचा. शेवटच्या आठवड्यात त्याला पंचवीस पैसे आणि तीस पैसे असं लिहून दाखवलं. त्याला ते एका मिनिटात कळलं. एक मिनिट मला वर्षभर मिळालं नव्हतं. आता पुन्हा कंपनीत आहे, शनिवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत गणित घेते. तिथे बारा मुलं आहेत.

इंग्लंड, मिडलँड्स. फिजिक्स, वय ११ ते १६

मूळचा सांगलीचा. टेलिकॉममध्ये होतो, आमचा विभाग बंद झाल्यावर पी.जी.सी.ई., म्हणजे इथलं बी.एड., केलं. इथे फिजिक्सचे शिक्षक मिळत नाहीत, म्हणून प्रशिक्षणाच्या वर्षासाठी सरकार पैसे देतं, २०२४-२५ ला २८,००० पौंड होते. भारतात याच्या जवळपास जाणारं काही असतं तर या धाग्यावर कितीतरी जास्त लोक असते असं मला मनापासून वाटतं. काम सोपं नाही. पहिल्या सत्रात वर्ग शांत करण्यातच तास जायचा. शेजारच्या वर्गातल्या जुन्या बाई दर शुक्रवारी माझ्या मागच्या बाकावर येऊन बसायच्या आणि तासानंतर एकच गोष्ट सांगायच्या. एकच. त्यामुळे टिकलो.

कोल्हापूर. वय ७१

तुम्हा सगळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. मी खत कारखान्यातून २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावच्या हायस्कूलमध्ये विनावेतन विज्ञान शिकवायला लागलो. तेव्हा लोकांना वाटलं, याला कामावरून काढलं असणार. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांचं उदाहरण माझ्यासमोर होतं. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी, आणि १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यातल्या शाळांसाठी काम करायला गेला. तिथेच त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकृत्या करण्याची युक्ती सुचली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांची खेळणी मी हातात घेऊन पाहिली.

आमच्या शाळेत मी तेच केलं. व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे कापून काड्यांचा त्रिकोण आणि चौकोन करायला लावला. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. गवंड्याच्या मुलाने विचारलं, "म्हणून छपराच्या कैचीत तिरप्या पट्ट्या असतात का, सर?" त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि आम्ही तिघांनी मिळून शाळेचं छप्पर खालून पाहिलं.

नाशिक. सध्या डेटा इंजिनिअर, वय ३४

सगळं वाचलं, दोनदा. मला खरंच जायचंय. बी.ई. कॉम्प्युटर, ६१ टक्के. बी.एड.ला चालेल का? टीईटी लागतेच का? आणि काका, घरच्यांना कसं समजावलंत?

धागाकर्ता

ताई, घरच्यांचं काका सांगतील, बाकीचं मी सांगतो. इंजिनिअरिंगच्या पदवीधारकांना बी.एड.साठी किमान ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे, आणि पदवीत विज्ञान-गणिताचा भाग असावा लागतो. तुमची शाखा बसते का, हे सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश परीक्षा घेणारं कार्यालय) माहितीपुस्तिकेत आधी बघा. पहिली ते आठवी शिकवायचं तर टीईटी हवीच. पेपर १५० गुणांचा, खुल्या गटाला ६० टक्के. २०२१ पासून प्रमाणपत्राला मुदत राहिलेली नाही, तेव्हा नोकरीत असतानाच तयारी सुरू करता येईल.

पण राजीनामा इतक्यात नको. आठ दिवसांची रजा काढा, ओळखीच्या शाळेत मुख्याध्यापकांना विनंती करा आणि रोज एक तास घ्या. इतर वेळ मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे तास बघा. वहीत रोज मुलांची दोन चुकलेली उत्तरं जशीच्या तशी उतरवा, त्यांच्याच शब्दांत. आठ दिवसांनी ती सोळा उत्तरं इथे टाका. आपण सगळे मिळून वाचू.