जॉर्ज एलियट: टोपणनाव, 'रोमोला'चे पैसे आणि आठ भागांची 'मिडलमार्च'

वाचनवेल
इंग्लिश कादंबरीकार जॉर्ज एलियटच्या (खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, १८१९–१८८०) लेखनव्यवसायावर वाचनगटासाठी टिपण करते आहे. तीन ठिकाणी अडलंय. बाईच्या नावाने कादंबरी छापत नसत म्हणून तिने पुरुषाचं नाव घेतलं, हे खरं का? 'रोमोला' या तिच्या कादंबरीच्या मोबदल्याबद्दल कुठे १०,००० पौंड दिसतात, कुठे ७,०००, बरोबर काय? आणि कादंबऱ्या तीन खंडांत निघत असताना 'मिडलमार्च' आठ भागांत का?

जुनीपानं
पहिलं कारण टिपणातून काढाच. तिने हे नाव घेतलं १८५७ साली, आणि त्याच वर्षी शार्लट ब्रॉन्टेचं चरित्र एलिझाबेथ गॅस्केलच्या नावाने बाजारात आलं होतं. बायका उघडपणे लिहीत होत्या. अडचण होती ती मेरी अ‍ॅन इव्हान्स या *विशिष्ट* नावाची. १८५४ पासून ती लेखक-समीक्षक जॉर्ज हेन्री लुईसबरोबर लग्नाशिवाय राहत होती. लुईसच्या बायकोला थॉर्नटन हंटपासून मुलं झाली आणि लुईसने त्यांना आपलं नाव लावू दिलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्याने व्यभिचार खपवून घेतला, आणि घटस्फोटाची वाट बंद झाली. त्यात स्ट्राउस (१८४६) आणि फॉयरबाख (१८५४) यांच्या ख्रिस्ती धर्माची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथांचे अनुवाद तिचेच. अशा बाईने गावच्या पाद्र्यांवर कथा लिहिल्या म्हटल्यावर समीक्षकांनी कथा बाजूला ठेवून तिच्याच वागण्याचा निवाडा केला असता. म्हणून नोव्हेंबर १८५६ मध्ये लुईसने पहिली कथा 'एका मित्राची' म्हणून प्रकाशक जॉन ब्लॅकवुडकडे धाडली. लेखक पाद्री असावा, असा ब्लॅकवुडचा समज झाला.

हे गुपित फुटलं ते लिगिन्समुळे. 'अ‍ॅडम बीड' (१८५९) गाजल्यावर तिच्याच मुलखातल्या, नन्ईटनकडच्या जोसेफ लिगिन्सला लोक खरा लेखक मानू लागले. बिचाऱ्याला प्रकाशकाने काहीच दिलं नाही, अशी हाकाटीही सुरू झाली. तेव्हा तिला नाव उघड करणं भाग पडलं.

दमडीचाहिशेब
'रोमोला'चे दोन्ही आकडे खरे आहेत. 'कॉर्नहिल मॅगझीन'च्या जॉर्ज स्मिथने देऊ केले १०,०००, तिने घेतले ७,०००. स्मिथला मजकूर सोळा हप्त्यांत हवा होता. कथा इतकी चिरली तर तिचा तोल जाईल असं तिला वाटलं, म्हणून तिने हप्ते कमी आणि मोठे मागितले, त्यासाठी पैसे सोडले. शेवटी जुलै १८६२ ते ऑगस्ट १८६३ असे चौदा हप्ते झाले. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सची ती अभ्यासाने ठासून भरलेली कादंबरी मासिकाच्या वाचकांना पेलली नाही, स्मिथला तोटा झाला. तिने मग 'ब्रदर जेकब' ही कथा त्याला फुकट दिली. १८६६ ची 'फीलिक्स होल्ट' पुन्हा ब्लॅकवुडकडे गेली, ५,००० पौंडांना.

आता खंडांकडे. तीन खंडांच्या कादंबरीची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स, सामान्य घराला न परवडणारी. पण म्यूडीच्या, म्हणजे वर्गणी घेऊन पुस्तकं घरी देणाऱ्या मोठ्या खाजगी वाचनालयाची वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, आणि त्यात एका वेळी एक खंड मिळे. तीन खंड असले की एकच कादंबरी तीन घरी फिरते. वाचनालयांचा फायदा असा त्या साच्यात होता, त्यामुळे लेखकांना ताणून तीन खंड भरावे लागत. 'सायलस मार्नर' (१८६१) एका खंडात आली, ती अपवाद.

'मिडलमार्च'चं उलट झालं, ती तीन खंडांत मावेना. १८६९ मध्ये सुरू केलेली गावाची कादंबरी आणि १८७० च्या अखेरीस घेतलेली 'मिस ब्रुक' ही वेगळी कथा तिने १८७१ मध्ये एकत्र केली. (पहिल्या भागात गावाच्या कथेतला डॉक्टर लिडगेट इतका उशिरा का येतो, ते यातून कळतं.) मग लुईसने ब्लॅकवुडला सुचवलं: चार खंड, प्रत्येकाचे दोन भाग, भागाला ५ शिलिंग. डिसेंबर १८७१ पासून दर दोन महिन्यांनी भाग निघू लागले; शेवटचे मात्र महिन्याच्या अंतराने, आणि डिसेंबर १८७२ मध्ये आठवा. आठही घेणाऱ्याला ४० शिलिंग पडले, पण वर्षभरात विभागून. खरी स्वस्त, एका खंडातली ७ शिलिंग ६ पेन्सची आवृत्ती १८७४ ची.

वाचनवेल
आभार, 'रोमोला'चा घोळ सुटला. एक राहिलं: ही कमाई कायद्याने तिचीच होती का?

जुनीपानं
हो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७० च्या कायद्याआधी विवाहितेची कमाई नवऱ्याची होई, पण हिचं लग्नच झालेलं नव्हतं. व्यवहारात मात्र पैसा बराचसा लुईसच्या नावावर ठेवलेला. तो नोव्हेंबर १८७८ मध्ये वारल्यावर ती मालमत्ता हाती यावी म्हणून तिला कागदोपत्री 'लुईस' आडनाव लावून घ्यावं लागलं.

पत्रं उद्धृत करणार असाल तर जॉन क्रॉसच्या १८८५ च्या चरित्रातली घेऊ नका. १८८० मध्ये तिच्याशी लग्न केलेला हाच क्रॉस. त्याने पत्रांतला खटकणारा, घरगुती आणि तिखट मजकूर कापलाय. गॉर्डन हेटने संपादित केलेल्या नऊ खंडांत पत्रं पूर्ण आहेत, पैशांचा ब्लॅकवुडशी झालेला व्यवहारही तिथेच सापडेल.