संगणकसंगीताची सुरुवात चित्ररूप प्रोग्रॅमिंगने करावी का?

करवीरनाद
कोल्हापुरात गाणे किंवा पेटी शिकलेली, परंतु प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेली अनेक तरुण मंडळी संगणकावर स्वतःचे ध्वनी घडवू पाहतात. त्यांनी प्युअर डेटापासूनच, म्हणजे ओळी लिहिण्याऐवजी पडद्यावर ऑब्जेक्ट नावाच्या चौकटी तारांनी जोडण्याच्या चित्ररूप प्रणालीपासूनच, सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात तयार केलेली ही प्रणाली विनामूल्य आहे आणि बेताच्या संगणकावरही चालते. पडद्यावर ऑसिलेटर (दिलेल्या कंपनसंख्येचा स्वर निर्माण करणारा ऑब्जेक्ट) मांडावा, त्याखाली आवाज कमी करण्यासाठी ०.१ ने गुणाकार ठेवावा (कानांसाठी हा गुणाकार कधीही वगळू नये), त्याखाली ध्वनी बाहेर पाठवणारा ऑब्जेक्ट ठेवून तिन्ही तारांनी जोडावेत, की स्वर उमटतो, आणि तो वाजत असतानाच आकडे बदलता येतात.

याचा खरा लाभ श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधील सूक्ष्म अंतरांच्या, अभ्यासात आहे. षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर ५:४ या गुणोत्तराचा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो, तर सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या कीबोर्डवरचा गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झवर असतो. दोन्ही एकत्र वाजवले की आवाजाच्या चढउताराचे सेकंदाला दोन-अडीच हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. ज्या नगरीत अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, तेथील विद्यार्थ्याला हा फरक स्वतः घडवून ऐकता यावा, याचे मला फार मोल वाटते.

पंचगंगातीर
आपला गंधाराचा दाखला मला मनापासून आवडला, पण निष्कर्ष पटत नाही. हाच प्रयोग जेम्स मॅकार्टनी यांच्या १९९६ च्या सुपरकोलायडरमध्ये, म्हणजे मजकूर लिहून चालवायच्या प्रणालीत, एका ओळीत होतो, आणि ती प्रणालीही आज विनामूल्य आहे. तंबोऱ्यासारखा भरीव नाद हवा असेल तर सोळा स्वरांश (एका नादात मिसळलेले घटक स्वर) लागतील. मजकुरात तेथे फक्त एक आकडा बदलावा लागतो, पॅचमध्ये (प्युअर डेटातील ऑब्जेक्ट व तारांच्या मांडणीत) मात्र सोळा ऑसिलेटर आणि त्यांच्या तारांचे जाळे उभे राहते.

त्याहून गंभीर आक्षेप क्रमाचा आहे. प्युअर डेटात एकाच टोकातून दोन तारा निघाल्या, तर आधी कोणती तार कार्य करील हे ती कोणत्या क्रमाने जोडली यावर ठरते, आणि तो क्रम पडद्यावर दिसत नाही. जे डोळ्यांना दिसते तेच घडते, असा विश्वास देऊन नवशिक्याला बसवायचे आणि मग नेमकी महत्त्वाची गोष्ट त्याच्यापासून झाकायची, हे मला योग्य वाटत नाही.

शाहूपुरीचा तबलजी
शाळकरी मुलांसाठी सॅम आरोन यांचे सॉनिक पाय हे मजकूर लिहून संगीत घडवण्याचे साधन दोन्हींपेक्षा सोपे आहे. लयीच्या आवर्तनांपासून सुरुवात करणाऱ्याला ऑसिलेटरची आधी गरजच नसते.

करवीरनाद
पंचगंगातीर, क्रमाचा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर प्रणालीतच आहे. ट्रिगर नावाचा ऑब्जेक्ट उजवीकडून डावीकडे असा निश्चित क्रम लावतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात शिकवावा. बहुतेक ऑब्जेक्टमध्ये डाव्या टोकाला आलेला आकडा कृती घडवतो आणि उजवीकडचा नुसता साठवला जातो, हेही त्यासोबतच सांगावे. सोळा स्वरांशांसाठी एकाचा पॅच वेगळ्या फाइलमध्ये जतन करावा आणि क्लोन ऑब्जेक्टने त्याच्या हव्या तितक्या प्रती कराव्यात.

पंचगंगातीर
क्लोनपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी नवशिका राहिलेला नसतो. माझी चिंता त्याच्या आधीच्या महिन्यांची आहे. पॅचची फाइलही मजकुराचीच असते, पण तिच्यातील जोडण्या क्रमांकांनी लिहिलेल्या असल्यामुळे दोघांनी मिळून काम करताना काय बदलले हे वाचून उमगत नाही. आपल्याकडे ही मंडळी एकमेकांकडूनच शिकतात, म्हणून मी मजकुराच्या बाजूने आहे. श्रुतींच्या पहिल्या पाठापुरता मात्र आपला पॅच मीही वापरीन.