दिवाणखान्यासाठी गडद तपकिरी रंग : मदत हवी आहे
नमस्कार. पुण्यातील आमच्या दिवाणखान्याला एकच उत्तरेकडील खिडकी असून, आजोबांच्या सागवानी कपाटामागील भिंतीला भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा गडद तपकिरी रंग द्यावा, असे मनात आहे. दोन फुटी नमुना लावून पाहिला, तेव्हा तो दिवसा उबदार वाटला, पण रात्री पांढऱ्या एलईडीखाली काळपट दिसू लागला. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावताच त्यातील तांबूस छटा परत आली. त्यामुळे दिवे तर बदलणारच आहे. मॅट फिनिशमध्ये पुट्टीचा उंचसखलपणा लपतो, मात्र नख लागले तरी पांढरट ओरखडा उमटतो, आणि घरात लहान मूल आहे. तेव्हा सॅटिन (किंचित चमक असलेले फिनिश) घ्यावे का, रंगाआधी लावायच्या करड्या प्रायमरमुळे रंगाचा एखादा हात वाचतो का, आणि कपाट भिंतीत हरवू नये म्हणून छटा सागवानापेक्षा किती गडद ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.