गिटारचा पट्टा: लॉक हवंच, की रबराची चकती पुरे?

तापीकाठ (जळगाव)

परवा मंडळाच्या स्टेजवर माझ्या हातून गिटार पडली. गिटार मामांची. त्यांनी कॉलेजात असताना घेतलेली, माझ्याकडे सोपवताना दोनदा पुसून दिलेली. दुसरं गाणं झालं, मी स्टुलावर टेकून तारा सुरात घेतल्या आणि उठलो. उठताना पट्टा क्षणभर सैल पडला, पट्टा ज्या खुंटीला अडकवतात त्या मागच्या बटनावरून कातड्याचं भोक सरकलं आणि गिटार हेडवर, म्हणजे तारांच्या खुंट्यांच्या टोकावर, आपटली. नटच्या (तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून हेडकडे जातात ती) मागे, जिथे हेड मागे झुकतं, तिथे मान तडकली. गिब्सन कंपनीच्या धाटणीच्या गिटारींमध्ये हे हेड 17 अंशांपर्यंत मागे कललेलं असतं. अखंड लाकडातून कापल्यामुळे तिथे लाकडाच्या रेषा आखूड होतात आणि मार बसला की मान नेमकी तिथेच जाते.

तेव्हापासून एकच विचार आहे. उभं राहून वाजवणाऱ्या प्रत्येकाने स्ट्रॅप लॉक, म्हणजे पट्टा बटनाला पक्का अडकवणारी कडी, घ्यायलाच हवं. गिटार घेताना आपण अँप बघतो, पेडल बघतो, पण चार किलोचं वाद्य ज्यावर लटकतं ते नखाएवढं बटन कोणी बघत नाही. दुकानदार विचारत नाही, क्लासचे सर सांगत नाहीत. माझ्या मते क्लासमध्ये लॉकशिवाय मुलाला उभंच करू नये. कोणाचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा.

फिटरनाना (भुसावळ)

भाऊ, मामांच्या गिटारचं वाचून वाईट वाटलं. तरी तुझं म्हणणं मला पटत नाही.

मी रेल्वेच्या लोको शेडला फिटर होतो, आता रिटायर आहे. चाळीस वर्षं बेस गिटार वाजवतो. एखादी वस्तू सुटली की आम्ही आधी बघत असू, कुठे सुटली. तुझा पट्टा धर. कातड्याचं भोक बटनावर, बटन स्क्रूवर, स्क्रू लाकडात. साखळी तीन कड्यांची आहे. लॉक यातली फक्त पहिली कडी पक्की करतं. उरलेल्या दोन तशाच राहतात, आणि माणूस लॉक लावलं म्हणून त्यांच्याकडे बघणं सोडून देतो.

माझ्या बेसचं लॉक आजही शाबूत आहे. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या कार्यक्रमात लॉक, बटन आणि स्क्रू असं सगळं मिळून लाकडातून उपसून आलं. बॉडी मऊ लाकडाची, त्यात बटन बदलताना नवा स्क्रू जुन्यापेक्षा बारीक निघाला. मी तो तसाच पिळला. चूक माझीच. गिटार मांडीवर अडली म्हणून वाचली.

आधी स्क्रू, मग पट्ट्याचं कातडं, मग रबर. लॉक चौथं.

केळीबाग (सावदा)

मी घरी मुलांना शिकवते, म्हणून क्लासच्या वाक्याला उत्तर देते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या गिटारी चार-पाच हजारांच्या. त्यांच्या आईवडिलांना मी हजार-दीड हजाराचं लॉक आणा असं सांगू? काही घरांत गिटारसुद्धा केळीचे पैसे आल्यावर घेतली जाते.

त्यांना मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणायला लावते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी गोल चकती, मध्ये मोच्याकडच्या पंचने लहानसं भोक. पट्टा बटनावर चढवायचा आणि चकती बटनाच्या डोक्यावरून ताणून त्याच्या पुढ्यात बसवायची. दोन चकत्या लावल्या तर पट्टा मुद्दाम ओढूनही निघत नाही. परदेशात ग्रोल्श नावाच्या डच बिअरच्या बाटलीची रबरी रिंग लोक याच कामासाठी वर्षानुवर्षं वापरत आलेत, म्हणजे ही काही गरिबाची तडजोड नाही. नळाचा वॉशर मात्र वापरू नका. तो कडक असतो, भोक ताणलं जात नाही, डोक्यावरून नेताना चिरतो.

आणि पट्टा घेताना त्याची चीर बघा. गिटारचं वजन पट्ट्याच्या टोकाकडच्या काठावर येतं, म्हणून भोकाची चीर आतल्या बाजूला, पट्ट्याच्या मधल्या भागाकडे हवी. टोकाकडे असली तर वजनाने तीच उघडते. स्वस्त पट्ट्यांची टोकं कातड्याची नसून दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी असतात, ती वर्षभरात लोळागोळा होतात. पट्टा बदलायला दोनशे रुपये लागतात.

तापीकाठ

ताई, रबराबद्दल माझा अनुभव उलटा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. गिटार गच्चीखालच्या खोलीत, नाहीतर बंद गाडीत. मी मागच्या वर्षी ट्यूबच्याच चकत्या लावल्या होत्या. पावसाळ्यापर्यंत त्यांना भेगा पडल्या, एक कधी गळून पडली कळलंही नाही. परवा स्टेजवर गेलो तेव्हा मागच्या बटनावर चकती नव्हती. मी बघितलं नाही हे कबूल, पण जी गोष्ट रोज बघावी लागते तिच्या भरवशावर लहान मुलाला सोडायचं का?

नाना, तुमचा मुद्दा कळला. पण माझी गिटार ज्या कडीत सुटली ती पहिलीच कडी होती. माझ्यासाठी लॉक हेच उत्तर होतं.

सातपुडा (शहादा)

मी तापीकाठच्या बाजूने. लग्नसराईत आमचा बँड गाडीमागे चालत वाजवतो. सहा-सहा तास, रस्ता उखडलेला, पुढे नाचणारी गर्दी, कोणाचा हात कधी गिटारला लागेल सांगता येत नाही. रबर, दोरा, चिकटपट्टी, सगळं करून झालं. शेवटी जर्मनीच्या शॅलर कंपनीचं लॉक घेतलं.

त्यात एक गोष्ट मला फार आवडली. पट्ट्याकडचा भाग इंग्रजी यू अक्षरासारखा असतो आणि तो बटनाला खालून कवेत घेतो. वजन त्या यूवर येतं, मधली स्प्रिंगची पिन तो बाजूला सरकू देत नाही. पिन दगा देऊन गेली तरी गिटार लगेच पडत नाही. मात्र यूची बंद बाजू खाली यायला हवी. उलटं बसवलं तर सगळा भार एकट्या पिनवर. आमच्यातल्या एकाने सहा महिने तसंच उलटं वापरलं होतं. डनलॉप कंपनीच्या लॉकमध्ये पिन बटनाच्या पोटात शिरते आणि बारीक गोळ्या आत अडकतात. तेही चांगलं, पण टक् आवाज आला की नाही हे ऐकून ओढून बघायचं. आमच्या गोंगाटात तो टक् ऐकूच येत नाही.

नाना, तुमनं खरं शे, स्क्रू बघायलाच पाहिजे. पण चालत्या वरातीत रबर पुरतं हे मी मानणार नाही.

एक जोड. केबल जॅकमध्ये (गिटारवरच्या केबलच्या भोकात) घालण्याआधी मागच्या बटनाजवळ पट्ट्याच्या आतून घ्या. कोणाचा पाय केबलवर पडला की ताण पट्ट्यावर येतो, जॅक उखडत नाही.

फिटरनाना

तुझी केबल पट्ट्यातून जाते ते बरोबर. पण तोच पाय पडला की हिसका मागच्या बटनाला बसतो, म्हणजे परत माझ्या स्क्रूवर. केबलचा थोडा झोल सोडत जा.

आणि ज्याने त्याने लॉकची एवढी स्तुती केली म्हणून सांगतो. पट्ट्याकडचा भाग कातड्याला बोल्टवरच्या नटाने आवळलेला असतो. कातडं दबतं, वाजवताना थरथर होते, नट हळूहळू फिरतो. गाडीच्या चाकाखाली जिथे सुटलं तर जीव जाईल तिथे आम्ही नुसत्या आवळण्यावर कधी विसंबलो नाही. स्प्रिंग वॉशर, नाहीतर नटातून आरपार कॉटर पिन. तुझ्या लॉकच्या नटाला कॉटर पिन नाही. आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब टाक आणि दर कार्यक्रमाआधी बोटाने हलवून बघ. म्हणजे रोज बघणं आलंच. ते रबरात आहे तसं लॉकमध्येही आहे.

लळिंगचा वारा (धुळे)

तुम्ही सगळे इलेक्ट्रिकबद्दल बोलताय. धुळ्यात मी ज्यांच्यासोबत वाजवतो त्यांच्यातले बहुतेक अकूस्टिकवाले, म्हणजे पोकळ लाकडी गिटारचे. स्वस्त अकूस्टिकला पट्ट्यासाठी मागे एकच पिन (बटन) असते. पुढचं टोक नटच्या वर, तारांच्या खालून नाडीने हेडला बांधायचं. मी वीस वर्षं असंच बांधतो, कधी सुटलेलं नाही. अलीकडे जो तो मानेच्या बुंध्याला भोक पाडून बटन लावायला सांगतो. चांगल्या वाद्याला ड्रिल लावणं मला मान्य नाही. भोक चुकलं तर लाकूड फाटतं, आणि विकताना पहिलं बोट तिथेच जातं.

आणि ज्या अकूस्टिकमध्ये पिकअप (आवाज अँपकडे पाठवणारा भाग) आहे तिच्या मागच्या पिनमध्येच जॅक असतो. ती नळी साधारण 12 मिलिमीटर जाड, डोकं जवळपास नाहीच. तुमचं लॉक तिथे बसत नाही, ताईंची चकतीही तिच्यावर नीट थांबत नाही. तिथे उपाय काय?

केळीबाग

दादा, नाडीबद्दल थोडं वेगळं मत आहे. पहिल्या घरातल्या सुरांवर लहान मुलांचा हात नाडीला अडतो. एफचा बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून, धरताना तर रडतात. बुंध्याशी बटन असलं की डावा हात मोकळा होतो.

जॅकच्या पिनसाठी पट्ट्याचं भोक मोच्याकडून बेताचं मोठं करून घ्यावं, जेमतेम जाईल एवढंच. जास्त मोठं झालं की संपलं. नव्या कातड्याला आतून किंचित मेण लावलं की भोक न फाटता चढतं. बसल्यावर पट्टा काढायचाच नाही, गिटारसोबतच पेटीत ठेवायचा.

फिटरनाना

त्या जॅकचा बाहेरचा नट रोज तपासा. तो ढिला पडला की पट्ट्याबरोबर अख्खा जॅक गोल फिरतो आणि आतल्या वायरी पिळून तुटतात. आवाज गेला की लोक पिकअपला दोष देतात.

धुळेकर भाऊ, भोकाची भीती रास्त आहे. पण लाकूड फाटतं ते भोक पाडल्यामुळे नाही, भोक न पाडता स्क्रू दाबल्यामुळे. ड्रिल स्क्रूच्या गाभ्याएवढाच घ्यायचा, आट्यांसाठी लाकूड शिल्लक ठेवायचं. मान बोल्टची असेल तर आतला बोल्ट कुठे आहे तो आधी आरशाने आतून बघायचा. स्क्रूला साबण चोळायचा. बटनाखाली नमद्याची चकती घालायची. मी सात-आठ गिटारी अशा केल्या, एकही फाटली नाही.

लळिंगचा वारा

नाना, तुमच्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे. गावातला पोरगा भिंतीचं ड्रिल घेऊन बसेल. मी नाडीच सांगत राहीन. मात्र ज्याच्या जॅकचा नट ढिला होता तो आमच्यातला एक जण निघाला. आजच घट्ट करून आलो.

तापीकाठ

काल रात्री नानांचं वाचून घरातली दुसरी गिटार काढली. तिला मी मागच्याच महिन्यात लॉक बसवून घेतलं होतं आणि निश्चिंत होतो. गिटारच्या वरच्या शिंगावरचं (बॉडीच्या टोकावरचं) बटन बोटाने फिरवलं तर फिरलं. स्क्रूड्रायव्हर लावला तर स्क्रू गोल गोल फिरतो, धरतच नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं असेल, किंवा दुकानात बसवतानाच आटे गेले असतील. या गिटारवर मी गणपतीचे दोन कार्यक्रम उभं राहून वाजवले.

लॉक हवं या मतावर मी अजून आहे. सातपुडा म्हणतो तसा गर्दीतला धक्का रबर झेलणार नाही. पण क्लासच्या मुलांबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. ताईंच्या मुलांच्या गिटारी माझ्यापेक्षा सुरक्षित आहेत, कारण त्या कोणीतरी रोज बघतं.

नाना, भोक कसं भरायचं? आगकाड्या आणि फेविकॉल घरात आहेत.

फिटरनाना

गुल कापून टाक, नुसत्या काड्या घे. भोकातली धूळ फुंकून काढ. फेविकॉल आत सोड, काड्या एकेक करून ठासून भर, शेवटची हातोडीच्या मुठीने हलकेच ठोकावी लागली पाहिजे. बॉडीच्या पातळीला कापून घे आणि पूर्ण एक दिवस हात लावू नको. मग बारीक ड्रिल, मग स्क्रू. शेवटचे दोन फेरे हाताने. तिथे जोर केलास तर परत आटे जातील.

आते मामांच्या गिटारचं सांग. मान तडकल्यावर तारा लगेच सैल केल्यास का? ताणात राहिल्या तर भेग उघडत जाते.

तापीकाठ

हो नाना, स्टेजवरच सोडल्या. भेग पूर्ण आरपार नव्हती. एका जुन्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांनी सरस आत ओतून क्लॅम्प लावलाय. उद्या संध्याकाळी काढणार आहेत. मामा सोबत येतायत.